वसईची पेठ आणि परकीय भांडवल

व्यापार हा वसई परिसराच्या इतिहासाचा कणा आहे. प्राचीन शूर्पारक, म्हणजेच आजचे सोपारे, हे पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथातही त्याचा उल्लेख आढळतो. दूरदेशीचे व्यापारी येथे येत, मालाची देवघेव करीत आणि परत जात. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि हे चित्र पालटले. समुद्रावर जहाज न्यावयाचे तर पोर्तुगिजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यावा लागे. तो नसल्यास जहाज मालासह जप्त होण्याची भीती असे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. परंतु ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला आणि व्यापारासाठी आलेली कंपनी पेशवाईवर वर्चस्व गाजवू लागली.

अशा इतिहासामुळेच, किरकोळ व्यापारात परकीय गुंतवणुकीचा प्रश्न निघाला तेव्हा ‘दुसरी ईस्ट इंडिया कंपनी’ हे शब्द देशभर ऐकू आले. २४ नोव्हेंबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने बहुब्रँड किरकोळ विक्रीत ५१ टक्के परकीय भांडवलास मान्यता दिली. विरोध उसळताच निर्णय स्थगित झाला. १४ सप्टेंबर २०१२ रोजी तो पुन्हा घेतला गेला. २० सप्टेंबरला ‘भारत बंद’ झाला. डिसेंबरमध्ये लोकसभेत विरोधी ठराव २१८ विरुद्ध २५३ मतांनी फेटाळला गेला.

निर्णयास अटी होत्या. किमान १० कोटी डॉलरची गुंतवणूक, त्यापैकी निम्मी गोदामे, शीतगृहे इत्यादींसाठी, ३० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून आणि राज्य सरकारची संमती. दुकाने मुख्यतः दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत उघडावयाची होती. महाराष्ट्राने संमती दिली होती आणि २००९ मध्ये महानगरपालिका झालेल्या वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर गेली होती. त्यामुळे हा वाद आपल्या पेठेच्या उंबरठ्यावर आला होता.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. प्रचंड भांडवलाच्या बळावर काही वर्षे तोटा सोसून भाव पाडले गेले, तर उधारीच्या वहीवर आणि ओळखीच्या गिऱ्हाइकावर चालणारे किराणा दुकान टिकणार कसे, ही दुकानदाराची चिंता रास्त होती. उलट शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी या धोरणाचे समर्थन केले; कारण दलालांच्या साखळीत आणि नासाडीत शेतकऱ्याचा वाटा हरवतो, हे त्यांचे जुने म्हणणे होते. मुंबईच्या बाजारात भाजी व फुले पाठविणारा वसईचा बागायतदार आणि वसईचा दुकानदार शेजारी राहतात. पण या प्रश्नात दोघांचे हित एक नव्हते.

पुढे घडले ते दोन्ही पक्षांच्या अपेक्षेपलीकडचे होते. बहुब्रँड मार्गाने आलेले ठळक नाव एकच, ब्रिटनची टेस्को. तिने २०१४ मध्ये टाटा समूहातील ट्रेंटशी निम्मी भागीदारी केली. मात्र २०१६ मध्ये ऑनलाइन बाजारमंचांत शंभर टक्के परकीय भांडवलाची वाट स्पष्ट झाली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने सुमारे १६०० कोटी डॉलर देऊन फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला. ज्या दुकानाच्या भीतीने बंद पाळले गेले, ते पेठेत आलेच नाही. माल थेट गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचू लागला. अशा मंचांनी स्वतःचा हिस्सा असलेल्या कंपन्यांचा माल विकू नये, हा नियम फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. म्हणजे बदल आधी आला आणि बंधन मागाहून.

येथे वसईचा इतिहास उपयोगी पडतो. पोर्तुगिजांचे बळ केवळ त्यांच्या धनात नव्हते. परवाना कोणी द्यावयाचा हे ते ठरवीत होते, यात होते. आज कायदा आपल्या संसदेचा आहे, म्हणून कंपनी सरकारशी केलेली तुलना पूर्ण लागू पडत नाही. परंतु नियम वेळेवर होतात काय आणि लहान-मोठ्यांस सारखेच लागू होतात काय, हे पाहणे आपल्यावर आहे. भांडवल देशी असो वा परदेशी, व्यापारी संघटनांनी हाच प्रश्न अभ्यासपूर्वक व सातत्याने मांडला पाहिजे. पेढीवर येणाऱ्या नव्या पिढीने हिशेबाच्या वहीबरोबर धोरणांचा मसुदा वाचण्याचीही सवय लावून घ्यावी, ही अपेक्षा.