साराभाई व्हर्सेस साराभाई मीम्स

‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ या हिंदी विनोदी मालिकेतील प्रसंगांवर बेतलेली, समाजमाध्यमांवर फिरणारी विनोदी चित्रे. दक्षिण मुंबईतील कफ परेडच्या एका गुजराती कुटुंबाची ही मालिका स्टार वन वाहिनीवर 2004 ते 2006 या काळात दाखवली गेली. लेखक आतिश कपाडिया, दिग्दर्शक देवेन भोजानी. तेव्हा प्रेक्षकवर्ग बेताचाच होता. खरी लोकप्रियता पुनःप्रक्षेपण आणि इंटरनेटमुळे आली.

सर्वाधिक मीम्स माया साराभाईची (रत्ना पाठक शाह). सून मोनिशाच्या (रूपाली गांगुली) काटकसरीला ती ‘मिडल क्लास’ म्हणून नाक मुरडते. तिची ती मुद्रा आणि खाली रोजच्या जगण्यातली एखादी बचत, उदाहरणार्थ जुन्या टी-शर्टचे फडके, एवढ्यावर मीम तयार होते. ते पाठवणारा बहुधा स्वतःच मध्यमवर्गीय असतो, आणि मायाचा टोमणा तो आपुलकीने स्वतःवर घेतो. या मीम्सचे सारे बळ इथेच आहे. मायाचा धाकटा मुलगा रोसेश (राजेश कुमार) याच्या विचित्र कविता आणि नवरा इंद्रवदन (सतीश शाह) याच्या खोड्याही वापरल्या जातात. मालिकेचे दुसरे पर्व 2017 मध्ये हॉटस्टारवर आले, तरी मीम्ससाठी पसंती पहिल्याच पर्वाला मिळते.