सकल लिपी आणि चकतीवरचा स्वर

चांगले संगीत ऐकू इच्छिणारा रसिक आज हमखास एका प्रश्नापाशी अडतो: डॅक कोणता घ्यावा? सीडीवर संगीत अंकांच्या रूपाने साठवलेले असते. त्या अंकांचे पुन्हा विद्युत्-लहरींत रूपांतर करणारे उपकरण म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, बोलीत ‘डॅक’. काही हजार रुपयांपासून काही लाखांपर्यंत त्याच्या किमती जातात. प्रश्न वरवर बाजारातला असला तरी त्याच्या मुळाशी साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असलेलीच एक समस्या आहे: मूळ पाठ कोणता, आणि तो आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून आला?

उदाहरण नागपूरशी नाते असलेलेच घेऊ. डॉ. वसंतराव देशपांडे १९२० साली मूर्तिजापूरला जन्मले, आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांची गायनाची बैठक पक्की झाली. नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाने १९६७ साली त्यांचा खाँसाहेब घरोघरी पोचवला. सोनीचे पहिले सीडी-यंत्र जपानमध्ये ऑक्टोबर १९८२ मध्ये विक्रीला आले आणि वसंतराव ३० जुलै १९८३ रोजी गेले. म्हणजे त्यांच्या गाण्याची आज सीडीवर मिळणारी मुद्रणे मुळात चुंबकीय फितीवरची. सीडी ही त्यांची नंतर केलेली नक्कल. हा कालक्रम ध्यानात ठेवला, तर पुढचा पुष्कळ गोंधळ टळतो.

आता ही नक्कल कशा लिपीत झाली ते पाहू. सीडीवर प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने नोंदलेले असतात आणि प्रत्येक नमुना ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेला असतो. ४४,१०० हा आकडा व्यवहारातून आला. प्रारंभी अंकित ध्वनी व्हिडिओ-फितीवर साठवला जाई. एका चित्रक्षेत्रातल्या २४५ उपयुक्त रेषा, प्रत्येक रेषेवर ३ नमुने आणि सेकंदाला ६० क्षेत्रे, यांचा गुणाकार नेमका तेवढाच होतो. नमुन्यांची संख्या सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक असली की मूळ लहर पुन्हा उभी करता येते, हा सिद्धान्त तेव्हा प्रस्थापितच होता. माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत पोचतो. तेव्हा एवढे नमुने पुरेसे होते.

वाद होता तो पायऱ्यांच्या संख्येचा. फिलिप्सने १४ बिटांची तयारी केली होती. सोनीने १६ बिटांचा आग्रह धरला आणि तोच मानला गेला. फिलिप्सपाशी मात्र १४ बिटांचाच परिवर्तक सिद्ध होता. त्यांच्या अभियंत्यांनी नमुन्यांची गती चौपट केली आणि उरलेल्या त्रुटीचा गोंगाट ऐकू येणाऱ्या पट्ट्याबाहेर ढकलून १६ बिटांच्या तोडीचे फळ मिळवले. सोनीच्या पहिल्या यंत्रात तर दोन्ही वाहिन्यांना मिळून एकच परिवर्तक होता. या पहिल्या पिढीत यंत्रायंत्रांत फरक होता, आणि ‘डॅक बदलला की गाणे बदलते’ ही श्रद्धा तेव्हापासून रुजली. पुढे तंत्र इतके सुधारले की आज माफक किमतीच्या, नीट बांधलेल्या डॅकचा स्वतःचा गोंगाटही १६ बिटांच्या मर्यादेखाली असतो. श्रद्धा तेवढी जुन्या काळातली राहिली.

येथे महानुभावांच्या सकल लिपीचा दृष्टान्त उपयोगी पडावा. पंथाबाहेरच्या वाचकाला शतकानुशतके ती पोथी मुकी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी तिची किल्ली शोधली आणि अक्षरे बोलू लागली. डॅक ही अशीच किल्ली आहे. किल्ली चुकीची असेल तर वाचन बिघडेल. पण ती अचूक असल्यावर सोन्याची केली म्हणून पोथीतली ओवी अधिक सरस होत नाही.

पाठभेद असतात ते पोथ्यापोथ्यांत. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ खालशाच्या धाडीत गेले. पुढे ते स्मरणातून पुन्हा सिद्ध झाले, आणि त्याचे अनेक पाठ निर्माण झाले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली त्याची संपादित आवृत्ती काढली, ती असे पाठ पारखून. वसंतरावांच्या एखाद्या मैफलीचेही तसेच असते. मूळ फीत, तिची नक्कल, नकलेवरून निघालेली कॅसेट, कॅसेटवरून कोणी केलेली सीडी! फितीची सरसर घालवण्याच्या भरात तंबोऱ्याची आस आणि तानेच्या टोकाचा श्वास पुसला जातो. आवाज मोठा भासावा म्हणून दाबून सपाट केला की कुजबुज आणि गर्जना एकाच पातळीवर येतात. फितीची वेग-त्रुटी नकलेत उतरली तर गायकाची पट्टीच बदलते. जे पुसले गेले ते लाख रुपयांचा डॅक परत देऊ शकत नाही, कारण ते अंकांत उतरलेलेच नसते.

मग निवड कशी करावी? डॅक अचूक, शांत आणि आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला जुळणारा असावा, इतके पुरे. दोन डॅक ताडून पाहायचे तर दोहोंचा आवाज मोजून सारखा करावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी अधिक ‘चांगला’ वाटतो. शक्य तर कोणता डॅक चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. उरलेला पैसा स्पीकरवर, खोलीवर आणि मुख्यतः चांगल्या प्रतीच्या शोधावर खर्चावा. त्याच मैफलीची दुसरी आवृत्ती मिळवून, दोन्ही शेजारी ठेवून ऐकणे हे पाठचिकित्सेचेच काम आहे.

यात धोक्याची गोष्ट एकच आहे. फिती जीर्ण होतात. त्यांवर वाढणारी बुरशी आणि सुटणारा लेप आपल्या पसंतीची वाट पाहत नाहीत. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये वसंतरावांच्या नावाचे सभागृह आहे. त्यांचा स्वर मात्र अजून कोणाकोणाच्या कपाटांतल्या फितींवरही असेल. ती मूळ फीत गेली, की तिच्यावरून केलेली बरी-वाईट नक्कल हीच पुढे संहिता ठरते. आणि मग तिच्याशी ताडून पाहायला दुसरी पोथीच उरत नाही.