पाहुणा येणार होता

सोमवार, ४ जानेवारी १६४१. इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागतं, त्यामुळे इथल्या कागदांवर अजून १६४०च चालू आहे. तुम्ही मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन गावात, विल्यम क्रॅबट्रीच्या घरात उभे आहात. कोपऱ्यात कापडाचे तागे, टेबलावर केप्लरचे ग्रहतक्ते. माणूस तिशीचा. कापड विकून पोट भरतो, आकाश ही त्याची हौस.

आज त्याच्याकडे जेरेमाया होरॉक्स यायचा आहे. वय अवघं २२. केंब्रिजला गेला आणि पदवी न घेताच परतला. दोघांचा पत्रव्यवहार १६३६पासूनचा. प्रत्यक्ष भेट झाल्याची मात्र कुठे नोंद नाही. लिव्हरपूलजवळच्या टॉक्स्टेथहून इथवर पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, त्यात जानेवारीची थंडी. क्रॅबट्री वाट बघतोय. होरॉक्स काल सकाळी नऊच्या सुमाराला गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही. अचानक गेला. कशाने, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

निरोप पोचल्यावर क्रॅबट्री काय करतो ते त्याच्या खांद्यावरून वाकून बघा. मित्राची पत्रं एकत्र करून तो गठ्ठा बांधतो आणि वर लिहितो : कोणत्या वर्षांची पत्रं, मृत्यूची तारीख, सकाळी नऊ वाजता, माझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी. मग, हे नुकसान कधीच भरून न येणारं आहे, अशा अर्थाचे शब्द. वेळ टिपायची निरीक्षकाची सवय दुःखातही सुटलेली नाही.

गठ्ठ्याची गाठ पक्की व्हायच्या आत एक पत्र काढून घ्या. तारीख २६ ऑक्टोबर १६३९. केप्लरच्या तक्त्यांप्रमाणे त्या वर्षी शुक्र सूर्यबिंबाला थोडक्यात चुकवून जाणार होता. होरॉक्सने गणित पुन्हा केलं आणि मित्राला कळवलं की नाही, शुक्र बिंबावरूनच जाईल, म्हणजे अधिक्रमण होईल. २४ नोव्हेंबरला दुर्बीण लावून बस. हातात जेमतेम महिना.

आता एक वर्ष मागे, १६३९च्या त्याच २४ नोव्हेंबरला. (आजच्या दिनदर्शिकेने ४ डिसेंबर.) मच हूल नावाच्या खेड्यातली अंधारी खोली. दुर्बिणीतून आलेलं सूर्यबिंब कागदावर पडतंय. कागदावर सहा इंचांचं वर्तुळ, कडेला अंशांच्या खुणा. आज रविवार, होरॉक्सला मधेच दुसऱ्या कामासाठी उठावं लागलंय. आभाळही भरलेलं. सव्वातीनला ढग हटतात आणि तुमच्यासमोर कागदावर काळा, गोल, रेखीव ठिपका येतो. सूर्य पावणेचारनंतर लगेच मावळणार. तेवढ्यात होरॉक्स तीन मोजमापं घेतो : ३.१५, ३.३५, ३.४५.

ब्रॉटनला क्रॅबट्रीच्या वाट्याला दिवसभर ढगच. साडेतीननंतर सूर्य क्षणभर डोकावतो, ठिपका दिसतो, आणि हा पठ्ठ्या मोजायचं सोडून बघतच राहतो. पुन्हा ढग. मोजमाप राहिलं ते राहिलंच. मला विचाराल तर त्या दिवसातला हाच क्षण मला जास्त आवडतो. मँचेस्टरच्या टाउन हॉलमध्ये फोर्ड मॅडॉक्स ब्राउनने या प्रसंगाचं मोठं भित्तिचित्र काढलंय, पण त्यात क्रॅबट्री म्हातारा दाखवलाय. तिशीही न गाठलेल्या माणसावर हा निव्वळ अन्याय आहे!

त्या अर्ध्या तासातून होरॉक्सने सूर्याचं अंतर काढलं : सुमारे साडेनऊ कोटी किलोमीटर. खरं अंतर १५ कोटींच्या आसपास. पण केप्लरच्या अंदाजाच्या ते चौपटीहून मोठं होतं. चंद्राच्या कक्षेवरच्या त्याच्या कामाचं श्रेय पुढे न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त त्याला दिलं.

आणि कागद? तुम्ही १६४१ सोडून पुढे सरका, म्हणजे एकेक जाताना दिसतील. काही इंग्लंडच्या यादवी युद्धात जळाले, काही होरॉक्सच्या भावाबरोबर आयर्लंडला जाऊन हरवले, काही १६६६च्या लंडनच्या आगीत गेले. क्रॅबट्रीही १६४४ साली वारला. त्याच्याकडचे कागद मात्र जॉन वर्दिंग्टन या केंब्रिजच्या विद्वानाने विकत घेतले, म्हणून वाचले. शुक्राच्या अधिक्रमणावरचं होरॉक्सचं पुस्तक हेवेलियस या खगोलज्ञाने १६६२ साली डान्झिगला छापलं, लेखकाच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी. कापडवाल्याने ते कागद नीट ठेवले नसते, तर होरॉक्सचं नावही आज तुमच्यापर्यंत आलं नसतं.

तेव्हा तुमच्या ओळखीतलं कुणी रात्री गच्चीवर दुर्बीण घेऊन बसणारं असेल आणि ते गेलं, तर त्याच्या वह्या रद्दीत घालू नका. १९४४पासून पुण्यात चालत आलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळींच्या संस्थेला आधी एक फोन करा, आणि वहीच्या पहिल्या पानावर नाव नि तारीख घालायला विसरू नका.