स्वतःची गाडी, स्वतःचे सारथ्य : कोल्हापूरच्या मालमोटारधंद्याचा इतिहास

ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे प्रथम वकील, डॉक्टर, शिक्षक व अधिकारी यांची नामावली डोळ्यांपुढे येते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींच्या वसतिगृहांस जो उदार आश्रय दिला, त्याचे हे फळ असून त्याचा अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु ज्या बांधवांनी शाळा अर्धवट सोडून मालमोटारीचे चाक हाती धरले, कर्ज काढून गाडी स्वतःच्या मालकीची केली आणि तिच्या भाड्यावर धाकट्या भावंडांस शिकविले, त्यांचा उल्लेख अशा इतिहासांत क्वचितच आढळतो. ती उणीव अंशतः भरून निघावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या धंद्याची मुळे मोटारीहून जुनी आहेत. कोल्हापूर हे देश व कोकण यांना जोडणाऱ्या वाटेवरील मोठे ठाणे. आंबा, फोंडा व गगनबावडा या बाजूंच्या घाटांनी बैलांचे तांडे व गाड्या गूळ-धान्य खाली नेत आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर आणीत. माल ठरल्या ठिकाणी पोचविण्याचा मक्ता घेणारा तो हुंडेकरी. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला, १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसविली आणि गुळाच्या व्यापारास बळ आले. तथापि आगगाडी स्टेशनापाशीच थांबते. गुऱ्हाळापासून अडत दुकानापर्यंत आणि घाट उतरून कोकणापर्यंत गाडीवानाची गरज कायम राहिली. पुढे त्याच्याच वाटेवर मोटार आली.

आरंभीच्या काळी मोटारमालकांचा ओढा उतारूंच्या सर्व्हिस मोटारींकडे असे. १९४८ साली मुंबई राज्यात सरकारी एस. टी. सुरू झाली, १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान त्या राज्यात विलीन झाले, आणि उतारूंची वाहतूक क्रमाक्रमाने सरकारकडे गेली. मालवाहतूक मात्र खाजगी हाती राहिली. लहान भांडवलाच्या उद्योगी माणसास हाच एक दरवाजा उघडा होता.

दरवाजा उघडा असला तरी उंबरठा उंच होता. १९३९ च्या मोटार कायद्याप्रमाणे भाड्याने माल नेण्यास परवाना लागे आणि तो ठराविक टापूपुरताच असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा तंबाखूची पेठ निपाणी म्हैसूर राज्यात गेली. कोल्हापूरहून सुमारे ४० किलोमीटरवरचे हे गाव. पण तेथे माल नेण्यास परराज्याच्या मान्यतेचा प्रश्न उभा राहिला. राष्ट्रीय परवान्याची योजना १९७५ साली निघाली. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आल्यावर परवाना मिळणे सुलभ झाले. परंतु त्याबरोबर गाड्या वाढल्या व भाड्याची चढाओढही वाढली. भांडवलाचीही तीच कथा. पूर्वी सावकार किंवा भाडेखरेदीने गाडी देणारी पेढी, हाच आधार असे. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले व त्यानंतर लहान वाहतूकदारांचा समावेश अग्रक्रमाच्या कर्जांत झाला.

मालकच चालक असणाऱ्याचे जीवन नोकरीतील चालकाहून निराळे असते. नोकरास पगार ठरलेला. याचा पगार म्हणजे सर्व देणी भागल्यावर जे उरेल ते. डिझेल, टायर, विमा, कर, दलाली, किन्नराचा भत्ता आणि कर्जाचा हप्ता, ही देणी गाडी उभी असली तरी सर्व थांबत नाहीत. कोल्हापूरचा बराच गूळ गुजरातेत जातो. जाताना भाडे मिळते; परतीचे न मिळाल्यास रिकामी गाडी जातानाचा नफा खाऊन टाकते. वाटेत पाऊस लागून ताडपत्रीतून पाणी शिरले, गुळाच्या रव्यांना पाझर सुटला, की नुकसानीचे बोट प्रथम त्याच्याकडेच दाखविले जाते. माल चढविण्या-उतरविण्याची वाराई कोणी द्यावी हा वाद तर जुनाच असून, "ज्याचा माल, त्याचा हमाल" ही घोषणा त्यातूनच निघाली.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली होती. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांनाच लागू होता. एका गाडीचा मालक त्याच्या कक्षेबाहेर. म्हणजे त्याच्या झोपेचा राखणदार तो स्वतःच, आणि हप्त्याची तारीख जवळ आली की तो राखणदारही डोळेझाक करी. आपल्या धंद्यात जीव गेले ते कित्येकदा याच कारणाने, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा गाड्यांच्या रांगा दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. पुरात पाणी ओसरते, हप्ता ओसरत नाही.

या धंद्याचा दुसरा भागीदार घरी असतो. मालक पंधरा-पंधरा दिवस बाहेर. मुलांची शाळा, आजारपण, वसुलीस आलेला माणूस व हप्त्याची पावती हे सारे गृहिणी सांभाळते. ज्या घरी तिने वहीत जमाखर्च टिपून ठेवला, ती घरे बहुधा तरली. ज्या घरी खिशातील रोकड हाच नफा समजला गेला, तेथे गाडी जप्त झाली. स्वतःच्या व घरच्या श्रमाची मजुरी खर्चात न धरता काढलेला नफा हा केवळ भास होय, हे नव्याने या धंद्यात शिरणाऱ्या तरुणांनी ध्यानी धरावे.

शिक्षकाच्या नोकरीत वर्षानुवर्षे मी मुलांस वडिलांचा व्यवसाय विचारीत आलो. "ड्रायव्हर" हा शब्द मुले खालच्या आवाजात उच्चारीत. सोयरीक जुळविताना आजही हा संकोच दिसतो. ज्याच्या घामातून घर उभे राहिले त्याच्याविषयी संकोच कसला?

म्हणून सर्व कुटुंबांस नम्र विनंती आहे की, जुने परवाने, हिशेबाच्या वह्या व खंडेनवमीला हार घालून पूजलेल्या गाडीची छायाचित्रे रद्दीत घालू नयेत. त्यांच्या प्रती मंडळाच्या कार्यालयात द्याव्यात. अद्याप हयात असलेल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी तरुणांनी लिहून घ्याव्यात. पुढील स्मरणिकेत पदवीधरांच्या नामावलीशेजारी या मालक-चालकांची नामावली छापली जावी. तेव्हाच आपल्या ज्ञातीचा इतिहास पुरा झाला असे म्हणता येईल.