डिस्क ब्रेकवरील तेलकटपणा : द्रावकाची निवड कशी करावी?

क्युपर्टिनोच्या डोंगरावर जाणारा माँटेबेल्लो रस्ता सुमारे ५ मैलांत सुमारे २,००० फूट चढतो. सांता क्लाराहून सुट्टीच्या सकाळी सायकलने तिकडे जाणाऱ्यांत मराठी मंडळीही असतात. हा चढ पायांची परीक्षा घेतो. उतारावर मात्र परीक्षा होते ती ब्रेकची. अशा वेळी ब्रेक किंचाळू लागले आणि मूठ पूर्ण दाबूनही सायकलचा वेग मंदावेना, तर बहुधा चकतीवर किंवा ब्रेक पॅडवर तेलाचा थर बसलेला असतो.

डिस्क ब्रेकचे सारे बळ पोलादी चकती आणि पॅड यांच्यातील घर्षणात असते. चकती स्पर्शाला स्वच्छ भासली, तरी तेलाचा अदृश्य थर हे घर्षण मोठ्या प्रमाणात घटवू शकतो. तेल येते ते बहुधा आपल्याच हातून : साखळीवर फवारलेले वंगण उडून चकतीवर बसते, चाक काढताना तेलकट बोटे चकतीला लागतात. कोरड्या उन्हाळ्यात रस्त्यावर साचलेले तेलही शरदातील पहिल्या पावसाबरोबर उडते.

निवडीच्या तीन कसोट्या

चकतीसाठी निवडायच्या द्रावकाने तेल विरघळवले पाहिजे, वाळल्यावर मागे काहीही ठेवता कामा नये, आणि सायकलच्या भागांना किंवा वापरणाऱ्याला अपाय करता कामा नये. गावाकडच्या सायकल दुकानात साखळी रॉकेलने धुतलेली अनेकांना आठवत असेल. साखळीला ते चालते, कारण तिला पुढे तेल द्यायचेच असते. चकतीला मात्र रॉकेल किंवा डिझेल लावू नये; त्यांचा तेलकट थर मागे राहतो. गंज सोडवणारे फवारेही याच कारणाने त्याज्य होत.

मोटारीचा ब्रेक क्लीनर

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातील ब्रेक क्लीनर पहिल्या दोन कसोट्यांना उतरतो. अडचण तिसरीची आहे. या फवाऱ्यांत पूर्वी क्लोरिनयुक्त द्रावके सर्रास असत. पर्क्लोरोएथिलिन, मिथिलीन क्लोराइड आणि ट्रायक्लोरोएथिलिन ही तीन द्रावके मोटार-दुरुस्तीच्या उत्पादनांतून हद्दपार करण्याचा निर्णय कॅलिफोर्नियाच्या वायू संसाधन मंडळाने २००० साली घेतला. क्लोरिनयुक्त द्रावकांना पर्याय म्हणून हेक्झेन असलेले फवारे बाजारात आले होते. १९९९-२००० मध्ये याच बे एरियातील २४ वर्षांच्या एका मोटार मेकॅनिकच्या हातापायांत बधिरता आणि मुंग्या सुरू झाल्या. तो जवळजवळ दोन वर्षे असा फवारा रोज वापरत होता. एन-हेक्झेनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ मज्जातंतूंना इजा करतो. हे प्रकरण अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात २००१ साली प्रसिद्ध झाले.

वर्षातून दोनदा चकती पुसणाऱ्याला इतका धोका नाही, हे खरे. तथापि एक धोका काढून त्याजागी दुसरा आणला गेला, हा या इतिहासाचा धडा आहे. म्हणून डब्यावरील 'क्लोरिनरहित' हा शब्द पाहून थांबू नये, घटकांची यादी वाचावी. आज येथे मिळणाऱ्या डब्यांत बहुधा ॲसिटोन प्रमुख असते. ते सायकलचा रंग, प्लास्टिक आणि रबरी सील खराब करू शकते. क्लोरिनयुक्त द्रावक लागलेला भाग कधीही तापवू नये. त्यातून फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू निर्माण होऊ शकतो.

सर्वांत योग्य पर्याय

तिन्ही कसोट्यांवर उतरते ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधांच्या दुकानात ते ७० आणि ९१ टक्के अशा तीव्रतेत मिळते. ७० टक्क्यांच्या बाटलीत पाणी अधिक असल्याने ते वाळण्यास वेळ लागतो. म्हणून ९१ किंवा ९९ टक्के घ्यावे. पाण्याखेरीज दुसरा घटक नाही ना, हे पाहावे. सुगंधी प्रकार टाळावेत. त्यांत तेलाचा अंश असू शकतो.

चाक काढून घ्यावे. हातमोजे घालून स्वच्छ कापडावर अल्कोहोल घ्यावे आणि चकतीच्या दोन्ही बाजू पुसाव्यात. कापडाची घडी दर वेळी बदलावी, अन्यथा तेच तेल पुन्हा पसरते. कापडावर डाग उमटणे थांबेपर्यंत हे करावे. चकती नुकतीच वापरून तापलेली असेल, तर ती आधी थंड होऊ द्यावी.

एक दक्षता विशेष महत्त्वाची. सांता क्लारातील अनेक घरांत गॅसवरील पाणी तापवण्याचा बंब गॅरेजमध्येच असतो. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि सुमारे १२ अंश सेल्सिअसपासूनच पेट घेऊ शकते. म्हणून हे काम उघड्या जागी, ज्योतीपासून दूर करावे. उरलेले द्रावक रस्त्याकडेच्या गटारात ओतू नये. ते पाणी प्रक्रियेविना ओढ्यांवाटे उपसागराला मिळते. काउंटीच्या घरगुती घातक कचरा केंद्रात आगाऊ वेळ ठरवून ते देता येते.

पॅडचे काय करावे?

येथे द्रावकाची मर्यादा संपते. पॅड सच्छिद्र असतात आणि तेल त्यांच्या आत मुरते. वरचा थर घासून काढला, तरी उष्णतेने आतले तेल पुन्हा वर येऊ शकते. तेल लागलेले पॅड बदलावेत, अशीच शिमानो कंपनीच्या पुस्तिकेतील सूचना आहे. चकती मात्र स्वच्छ करून वापरता येते.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या, सपाट जागी मध्यम वेग घ्यावा आणि चाक न अडकवता चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक दाबावा. हे दोन्ही ब्रेकसाठी सुमारे २० वेळा करावे. पॅडचा पातळ, समान थर चकतीवर बसला, की ब्रेकला पूर्ण पकड येते. त्यानंतरच डोंगराचा रस्ता धरावा.