घरी बांधलेले विमान : बांधणी आणि देखभालीतील अडचणी

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी सायंकाळी अमेरिकेतील विख्यात गायक जॉन डेन्व्हर यांचे छोटे विमान कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरात कोसळले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. 'लाँग-ईझी' जातीचे हे दोन आसनी विमान कोणत्याही कारखान्यात तयार झालेले नव्हते. बर्ट रुटान या अभियंत्याच्या आराखड्यावरून एका हौशी कारागिराने ते बांधले होते आणि डेन्व्हर यांनी ते नुकतेच विकत घेतले होते.

अपघाताची चौकशी पुढे एका साध्या कॉकपाशी येऊन थांबली. मोटारसायकलला असतो तसा इंधनाचा कॉक या विमानातही असतो आणि तो फिरवून डाव्या किंवा उजव्या टाकीतील पेट्रोल इंजिनाला देता येते. मूळ आराखड्यात हा कॉक वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होता. पेट्रोलच्या नळ्या बसण्याच्या जागेतून जाऊ नयेत, या हेतूने बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागील भिंतीवर नेला. हेतू गैर नव्हता. परंतु त्यामुळे कॉक फिरवायचा तर उजवा हात सुकाणूच्या दांड्यावरून काढून डाव्या खांद्यावरून मागे न्यावा लागे आणि तसे वळताना उजव्या पायाचा दाब नकळत रडरवर पडे. कॉकवर खुणाही नव्हत्या. उड्डाणापूर्वी दांडा लांबविण्यासाठी पकड लावून पाहण्यात आली, पण तिचा उपयोग झाला नाही. टाकीत पेट्रोल भरून घेण्याची सूचनाही डेन्व्हर यांनी नाकारली होती. कॉक फिरविताना लक्ष विचलित झाले आणि रडर दाबला गेला, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. कॉकची बदललेली जागा, नसलेल्या खुणा, उड्डाणाची अपुरी पूर्वतयारी आणि या जातीच्या विमानाचे न घेतलेले प्रशिक्षण यांनाही मंडळाने हातभार लावणारी कारणे ठरविले.

घरगुती विमानाच्या बहुतेक अडचणींचे स्वरूप असेच असते. एक प्रश्न सोडविताना दुसरा निर्माण होतो, आणि तो सहसा जमिनीवर दिसत नाही.

हौस आणि कायदा

अमेरिकेत या छंदाला मोठी परंपरा आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकी येथे स्थापन केलेली 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संस्था आज या क्षेत्रातील सर्वांत मोठी मानली जाते. विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथे दर उन्हाळ्यात तिचा मेळावा भरतो. विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी बांधलेला असावा, अशी तेथील कायद्याची अट आहे. '५१ टक्क्यांचा नियम' तो हाच. काहीजण केवळ आराखड्यावरून काम सुरू करतात, तर बहुसंख्य लोक सुट्या भागांचा तयार संच विकत घेतात. ओरेगॉन राज्यातील 'व्हॅन्स एअरक्राफ्ट' कंपनीच्या संचांपासून बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत.

मराठी वाचकांना या संदर्भात कॅप्टन अमोल यादव यांचे नाव आठवेल. कांदिवलीच्या चारकोप भागातील इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांना पाहावयास मिळाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. गच्चीवर बांधलेले विमान खाली कसे उतरवायचे, हा प्रश्न गमतीचा वाटेल. पण जगभरातील हौशी कारागिरांना तो पडतो. पंख जोडल्यावर विमान गॅरेजच्या दारातून बाहेर निघत नाही, हे काहींच्या फार उशिरा लक्षात येते.

पत्रा, रिव्हेट आणि भोक

धातूच्या विमानात दहा हजारांहून अधिक रिव्हेट असतात आणि नवशिक्याच्या हातून त्यांतील काही बिघडणारच. नियम सोपे आहेत. रिव्हेटच्या मध्यापासून पत्र्याची कड रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर हवी. ठोकल्यानंतर मागे तयार होणारे डोके व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच असावे. अडचण येते ती वाकडा बसलेला रिव्हेट काढताना. ड्रिल घसरले की भोक मोठे किंवा लांबट होते आणि जो दोष चालण्यासारखा होता, तो न चालणारा होऊन बसतो. म्हणूनच अनुभवी कारागीर किंचित तिरका रिव्हेट मापात बसत असेल तर तसाच राहू देतात. भोक बिघडलेच, तर एक माप मोठा रिव्हेट वापरता येतो. मात्र तेव्हा कडेचे अंतर पुन्हा मोजावे लागते. भोकाच्या कडेला राहिलेला कीस न काढणे ही चूक अधिक घातक असते, कारण तडा तेथूनच सुरू होतो.

भोक कसे पाडले आहे याला किती महत्त्व आहे, हे २०२३ मध्ये व्हॅन्सच्या ग्राहकांना कळून चुकले. मागणी वाढल्याने कंपनीने काही भागांची भोके नेहमीप्रमाणे पंच न करता बाहेरून लेझरने कापून घेतली होती. सपाट डोक्याचा रिव्हेट बसावा म्हणून अशा भोकाभोवती खळगा दाबताना काही भोकांच्या कडांना बारीक तडे जाऊ लागले. ज्यांचे पंख बांधून झाले होते त्यांच्यापुढे प्रश्न होता, उकलायचे की तसेच ठेवायचे? कंपनीने चाचण्या घेऊन काही भाग बदलण्यास सांगितले आणि बाकीचे वापरण्याजोगे ठरविले. इतर आर्थिक अडचणींची भर पडून डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण घ्यावे लागले. २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. ग्राहकांच्या गॅरेजमधील वाया गेलेल्या संध्याकाळी मात्र कोणत्याही ताळेबंदात आल्या नाहीत.

फायबरग्लासच्या विमानात रिव्हेटची कटकट नसते, पण हवामानाची असते. रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण अंदाजाने चालत नाही. हवा दमट असेल तर सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि तो धुऊन, घासून न काढता पुढचा थर दिल्यास दोन्ही नीट धरत नाहीत. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम करू पाहणाऱ्याने या गोष्टीची विशेष धास्ती बाळगलेली बरी.

पेट्रोलचा मार्ग

सर्वाधिक डोकेदुखी होते ती इंधनव्यवस्थेची. इंजिन जमिनीवर उत्तम चालते आणि चढताना धापा टाकू लागते, ही तक्रार नेहमीची आहे. त्याचे एक कारण म्हणजे नळीत होणारी वाफ. पंप इंजिनाजवळ, उष्ण जागी आणि टाकीपेक्षा उंचावर असेल तर तो पेट्रोल ओढतो. ओढीमुळे नळीतील दाब घटतो आणि कोमट पेट्रोल नळीतच उकळू लागते. पंप मोठा बसवून हा दोष जात नाही. पेट्रोल ओढले न जाता ढकलले जावे म्हणून पंप टाकीजवळ आणि खालच्या पातळीवर आणावा लागतो, नळीवर उष्णतारोधक आवरण घालावे लागते आणि काटकोनातील वळणे कमी करावी लागतात.

पहिल्या उड्डाणापूर्वी करण्याची एक चाचणी तर कोणीही टाळू नये. विमानाचे नाक चढतानाच्या कोनापेक्षा थोडे अधिक वर करून, टाकीत थोडेच पेट्रोल ठेवून, इंजिनापाशी सोडलेल्या नळीतून ठरावीक वेळात किती पेट्रोल येते ते भांड्यात मोजतात. पंपाची व्यवस्था असल्यास पूर्ण शक्तीवर इंजिनाला लागणाऱ्या इंधनाच्या १२५ टक्के आणि केवळ उतारावर भिस्त असल्यास १५० टक्के प्रवाह मिळाला पाहिजे. त्याच वेळी टाकीत मोजून पेट्रोल ओतत मापकाच्या काट्यावर खुणा कराव्यात. काट्यावर आंधळा विश्वास ठेवणारे वैमानिक रिकाम्या टाक्यांसह शेतात उतरल्याच्या कथा पुष्कळ आहेत.

टाकीत हवा जाण्यासाठी ठेवलेली बारीक नळी हाही दुर्लक्षित भाग आहे. कुंभारीण माशीने त्यात मातीचे घर केले की टाकीत निर्वात पोकळी होते आणि पेट्रोल असूनही इंजिन बंद पडते. नळीच्या तोंडाला जाळी बसविणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे. नव्या टाकीतील सीलंटचे तुकडे गाळणीत येतात, म्हणून सुरुवातीच्या काही तासांनंतर गाळणी वारंवार उघडून पाहावी लागते. पंपावरचे पेट्रोल वापरणाऱ्यांना इथेनॉलचाही विचार करावा लागतो. ते काही रबरी भाग आणि विशिष्ट रेझिनच्या टाक्या खराब करते. शिवाय पाण्याशी संयोग पावून टाकीच्या तळाशी वेगळे होते. हलक्या विमानांत लोकप्रिय असलेल्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालते. भारतात मात्र वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर आले आहे.

वजन आणि तोल

थोडे जाड आसन, थोडा अधिक रंग, एखादे वाढीव उपकरण असे करता करता विमान आराखड्यापेक्षा पाच-पन्नास किलोंनी जड होते. त्याहून गंभीर बाब म्हणजे वजन कोठे पडते. मोठे इंजिन बसविले की नाक जड होते, म्हणून बॅटरी शेपटीकडे नेतात; मग मागचा प्रवासी आणि सामान बसल्यावर गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे जातो. असे विमान अस्थिर होते आणि स्टॉलमधून सावरणे दुष्कर होते. त्यामुळे तीन चाकांखाली तीन काटे ठेवून, रंग दिल्यानंतर, विमान पुन्हा तोलणे आवश्यक असते.

अमेरिकेत नव्या विमानाला सुरुवातीस ठरावीक क्षेत्रातच उडण्याची परवानगी मिळते. ही मुदत साधारणपणे ४० तासांची, आणि इंजिन-पंख्याची प्रमाणित जोडी असल्यास २५ तासांची असते. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०११ मध्ये घरगुती विमानांचे २२४ अपघात झाले. त्यांतील निम्म्याहून अधिक विमाने त्या वेळच्या मालकाने स्वतः बांधलेली नव्हती, तर बांधलेली विकत घेतली होती. इंजिनातील बिघाड आणि ताबा सुटणे ही प्रमुख कारणे होती.

देखभाल कोणाची?

दर बारा महिन्यांनी विमानाची संपूर्ण तपासणी बंधनकारक आहे. ज्याने ते बांधले त्याला त्या विमानापुरता परवाना घेऊन ही तपासणी स्वतः करता येते. दुसरा मालक मात्र सहसा प्रमाणित मेकॅनिककडे जातो. मेकॅनिकच्या अडचणी येथून सुरू होतात. कारखान्याच्या विमानाला नियमावली असते. घरगुती विमानात कोणती तार कोठे जाते, हे बांधणाऱ्याच्या वहीवरच कळते. वही हरवली असेल तर एखादा फ्यूज शोधण्यात दिवस जातो. याकरिता जाणकार मंडळी तारांना क्रमांक देतात, झाकण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र काढतात आणि मूळ आराखड्यातील प्रत्येक बदल कारणासह लिहून ठेवतात.

तपासणीत लक्ष द्यावयाच्या जागा ठरलेल्या आहेत. आवळलेल्या नटावर रंगाची रेघ ओढलेली असते. ती तुटलेली दिसली तर नट सैल झाला आहे असे समजावे. धूर सोडणाऱ्या नळीला तडा गेल्यास विषारी वायू केबिनमध्ये शिरतो, म्हणून करड्या-पांढऱ्या डागांचा माग काढतात. रोटॅक्स इंजिनाच्या रबरी नळ्या दर पाच वर्षांनी बदलाव्यात असा उत्पादकाचा दंडक आहे. विमान उडाले नाही तरी रबर म्हातारे होतच असते. जुने विमान घेणाऱ्याने याखेरीज एक गोष्ट उड्डाणापूर्वी जमिनीवर करावी. आसनावर पट्टे बांधून बसावे, डोळे मिटावेत आणि सुकाणूच्या दांड्यावरचा हात न काढता इंधनाचा कॉक दोन्ही टाक्यांवर फिरवून पाहावा.