अमळनेरचा डबा आणि त्यावरचा रंग

२९ डिसेंबर १९४५ रोजी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' ही कंपनी नोंदली गेली आणि तिचा कारखाना तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यात, अमळनेरला उभा राहिला. महंमद हाशम प्रेमजी यांनी स्थापन केलेली ही कंपनी पुढे 'विप्रो' या नावाने जगाला माहीत झाली. तेलातून संगणक कसे निघाले, ही कथा इतक्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की ती पुन्हा सांगण्याचे कारण नाही. आम्हांला कुतूहल आहे ते त्या मालाबरोबर घराघरांत गेलेल्या पत्र्याच्या डब्यांचे. माल खाऊन संपला, डबा मागे उरला. त्या डब्याचे पुढे काय झाले, हाही खानदेशच्या इतिहासाचाच भाग आहे.

पत्र्याचा डबा खानदेशात वनस्पती तुपाच्या आधीच आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी घासलेटाबरोबर चौकोनी डबे हिंदुस्थानभर पसरले. घासलेट संपले की डब्याचे वरचे तोंड कापायचे, आत लाकडाचा आडवा दांडा ठोकायचा आणि पाणी भरायला घ्यायचे. पत्र्याचे काम करणारे कारागीर त्यातूनच नरसाळी, मापे, चिमण्या काढत. पण घासलेटाचा वास राखेने कितीही घासले तरी जाता जात नसे. त्यात धान्य ठेवण्याची छाती फार थोड्या गृहिणींची. वनस्पतीच्या डब्याने ही अडचण दूर केली. गरम पाणी आणि राख एवढ्यावर तो स्वच्छ होई. मग त्याला बिजागरीचे झाकण आणि कडीकोयंडा लावला की वर्षाचे बिबडे, पापड, कुरडया, शेवया उंदीर-मुंग्यांपासून सुरक्षित.

त्या वनस्पतीला मात्र समाजात मान नव्हता. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि थोड्याच वर्षांत ते नाव एका मालाचे न राहता सबंध जातीचे झाले. 'डालडा' म्हणजे नकली, असा अर्थ बोलण्यात रूढ झाला. महात्मा गांधींचा वनस्पतीला विरोध होता. तुपात भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती झाली. वनस्पतीला रंगच द्यावा, ही मागणीही स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे गाजत राहिली. शिजवताना टिकणारा आणि अपाय न करणारा रंग काही ठरला नाही. आतल्या पदार्थाला रंग देण्याचा वाद दिल्लीत चालू असताना खानदेशातल्या घरांनी बाहेरच्या डब्याला केव्हाच रंग देऊन टाकला होता!

हा रंग निव्वळ हौसेचा नव्हता, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. डब्याचा पत्रा म्हणजे पोलादावर कथलाचा पातळ मुलामा. एक ओरखडा पडला, थोडी ओल लागली, की तेथून गंज धरतो. तैलरंगाने तो थांबतो. म्हणजे पहिला हात संरक्षणाचा, आणि मग त्या सपाट हिरव्या किंवा आकाशी पृष्ठभागावर वेल, कमळ, समोरासमोर दोन पोपट, कधी घरधन्याचे नाव, कधी लग्नाचे साल.

रंग येई कोठून? एक उत्तर पोळ्यात सापडते. बैलांच्या शिंगांना पूर्वी हिंगूळ लावत, त्याची जागा पुढे तयार तैलरंगाने घेतली. १९४२ साली मुंबईत सुरू झालेल्या एशियन पेंट्सने शेतकऱ्यांची ही रीत हेरून लहान डब्यांतला रंग खेड्यांच्या बाजारात उतरवला, ही हकीकत व्यापारविषयक लेखनात नेहमी येते. श्रावणी अमावास्येला शिंगे रंगवून डबीत बोटभर रंग उरतो. झाकण लावून ठेवला तरी वर्षभरात त्यावर साय धरून तो फुकट जाणार. मग तो दारावर जाई, ट्रंकेवर जाई आणि डब्यावर जाई. डब्यांचे लाल आणि शिंगांचे लाल एकच का, हे कोडे आमच्या मते एवढे साधे आहे.

आणखी मागे गेले तर गेरू आणि चुना आहेतच. लग्नाच्या उतरंडीची मडकी रंगवणे, भिंतीला पोतेरे देऊन त्यावर चित्रे काढणे, हा हात खानदेशातल्या बायकांना ठाऊक होता. आखाजीला पितरांसाठी भरायची घागरही बाजारातून आणलेली. पण पूजेची बोटे उठल्यावर ती घरची होते. डब्याच्या बाबतीत हेच घडले. कारखान्याच्या छापाची वस्तू विटेच्या भुकटीने घासून उघडी करायची आणि तिच्यावर आपली खूण उमटवायची. त्यामुळे इतिहासकाराची मात्र पंचाईत होते, कारण रंगवणारीचा हात जितका सफाईदार, तितका पुरावा पुसलेला. अमळनेरच्या मालाची 'सनफ्लॉवर', 'किसान', 'कॅमल' ही नावे होती; रंगवलेल्या डब्यावर त्यांचा मागमूस राहत नाही. (शेंगदाण्याच्या मुलखात निघालेल्या मालाला सूर्यफुलाचे नाव, हीदेखील एक गंमतच.)

या वस्तूंना 'लोककला' म्हणून चौरंगावर बसवावे असे आम्हांला वाटत नाही. ज्या घरात पितळेचे डबे होते, तेथे रंगवलेला पत्रा माजघराच्या पुढे येत नसे. तो मिरवला गेला तो अमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगारांच्या खोल्यांत आणि लहान शेतकऱ्यांच्या घरांत. त्यात काटकसर होती, थोडी लाज झाकणेही होते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत जाते आहे, चूल आहे. त्या १९५१ साली गेल्या, तेव्हा अमळनेरचा कारखाना जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. डब्याला त्यांच्यासारखा कवी लाभला नाही. आणि इतिहासाचार्य राजवाडे यांनी माळे धुंडाळून कागदपत्रांचे रुमाल गोळा केले, ते १९२६ साली धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले; पण माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्याला दप्तराचा मान देणारा कोणी निघाला नाही. लग्नाचे साल घातलेला डबा हा तारीखवार पुरावा असतो. ज्या बाईचा एकही कागद कोणत्याही कचेरीत नाही, तिच्या हातचा तो कदाचित एकमेव लेख असेल.

ही रीत थांबली ती आवड मेली म्हणून, असे सर्रास सांगतात. आम्हांला ते पटत नाही. प्लास्टिकचे डबे आले. ते गंजत नाहीत, म्हणून रंगाची गरज उरली नाही. आणि बहुतेक घरगुती प्लास्टिकवर तैलरंग धरतही नाही, वाळला की पापुद्रे सुटतात. नव्या वस्तूने रंग घ्यायलाच नकार दिला. वनस्पतीही हळूहळू पिशव्यांत आणि प्लास्टिकच्या बरण्यांत गेले. जानेवारी २०२२ पासून त्यातील ट्रान्स-फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली. पंधरा किलोचा पत्र्याचा डबा अजून निघतो, पण तो बहुतांशी खानावळी आणि फरसाणवाल्यांकडे जातो.

उरलेले रंगीत डबे आता भंगारात जातात. भंगारवाला ते पायाने चेपून सपाट करतो आणि पोत्यात भरतो. चेपण्याआधी डबा उलटा करून पाहिला तर तळाला सहसा रंग लावलेला नसतो, आणि कारखान्याची ठसवलेली अक्षरे काही वेळा तेथे अजून वाचता येतात.